किनारा उघडण्याची वेळ

'पुत्री सागा' बोटीवरून,
८ ऑक्टोबर १९९६

प्रिय मुहसिन,

सलाम. तू, रामलावहिनी (तुमची दोघांची नावं या बोटीच्या जुन्या अहवालात वाचली), तुझी होडी आणि जाळी सगळी खुशाल आहेत असं धरून चालतो. बावीस वर्षांनी पत्र लिहिणाऱ्याने एवढं धरून चालायला हरकत नसावी. मी ठीक आहे. पोट सुटलंय, केस गेलेत, बाकी तोच.

सर्वांत आधी एक गंभीर बाब तुझ्या कानावर घालतो. माझे बूट अकरा दिवस ओले आहेत. बालीहून निघालो त्या दिवशी ओले झाले ते आजतागायत. या बोटीचा नियम असा, की कुठल्याही बेटावर उतरण्याआधी आणि परत चढल्यावर प्रत्येकाने बूट निळ्या औषधाच्या घमेल्यात बुडवायचे. एका बेटाचं बी, किडा, मुंगी दुसऱ्या बेटावर जाऊ नये म्हणून. हेतू थोर आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण पाहुण्यांना दोन-दोन जोड आणि वाटाड्याला एक, हा न्याय कुठला? मी ते इंजिनाच्या गरम नळीवर टांगतो. मग ते ओले राहतातच, वर गरमही होतात. पायाच्या बोटांची साल निघालीय. रोज सकाळी ते चढवताना मला वाटतं, माझ्यासारख्या माणसाचं काय व्हायचं राहिलं होतं ते हेच.

तर, मी आता वाटाड्या आहे. बेचाळीस पाहुणे, चौतीस दिवस, बालीपासून पापुआच्या टोकापर्यंत आणि परत. मी पुढे चालतो, बोट दाखवतो आणि प्राण्याचं नाव घेतो. पाहुणे "आहा" म्हणतात. या धंद्यात मी सात वर्षं आहे, बोटी बदलत असतो, आणि एक गोष्ट शिकलोय: जो प्राणी वेळेवर येतो त्याला कोणीतरी आणलेला असतो. एका बेटावर (नाव घेत नाही) महाकाय घोरपडी बरोब्बर दहा वाजता दिसतात. का? तर दहा वाजता मुदपाकखान्यामागे मासे धुतलेलं पाणी फेकतात. दुसरीकडे डॉल्फिन नावेच्या डाव्या बाजूलाच उड्या मारतात, कारण उजव्या बाजूच्या नाविकाकडे टाकायला माशांची आतडी नसतात. पाहुण्यांना हे सांगायचं नसतं. मी सांगत नाही. फक्त मनात टिपून ठेवतो.

आता मुद्दा.

या वेळच्या मार्गावर तेविसाव्या दिवशी हातुलेसी आहे. आपलं गाव. मी या बोटीवर गेल्या महिन्यातच लागलो, नाहीतर हा मार्ग घेतलाच नसता. छापील पत्रकात लिहिलंय: "वाळूत अंडी पुरणारा दुर्मीळ मोमोआ पक्षी. पिल्लू तुमच्या डोळ्यांसमोर वाळूतून वर येईल." ही बोट तिथे तीनदा येऊन गेली. गेल्या ऑक्टोबरात, यंदा मार्चात आणि मे महिन्यात. तिन्ही वेळच्या अहवालात तेच वाक्य आहे: "किनारा उघडला, आणि थोड्याच वेळात पिल्लू वर आलं."

तीनपैकी तीन, मुहसिन.

तुला आणि मला ठाऊक आहे ना, की मादी हातभर खोल अंडं पुरते आणि मागे वळून न बघता जंगलात निघून जाते. सत्तर दिवस, ऐंशी दिवस, केव्हातरी पिल्लू स्वतःच माती खरवडत वर येतं आणि उडून जातं. त्याचा दिवस कोणालाच माहीत नसतो. तुझे वडील त्या किनाऱ्याचे राखणदार होते, चाळीस वर्षं त्या वाळूवर बसले, आणि त्यांनीसुद्धा कधी दिवस सांगितला नाही. आता तू राखणदार आहेस. तुझ्या हयातीत पक्ष्याने घड्याळ घेतलं का?

आमच्या बोटीवरचे प्रमुख, पाक हेंद्रो, यांनी मला बोलावून घेतलं. कोणा पाहुण्याने तक्रार केलीय, की हा सगळा बनाव आहे. "तू तिथलाच ना, जाफर? मग तूच बघून सांग. खोटं असेल तर हातुलेसी मार्गावरून काढू." याचा अर्थ काय ते तुला मी समजावून सांगायला नको. बोटीचे पैसे यायला लागले म्हणून गावाने अंड्यांचा वार्षिक लिलाव थांबवला. बोट बंद झाली की पुढच्या हंगामात लिलाव परत सुरू. मग लिलाव जिंकणारा किनारा उकरून नेईल, आणि दहा वर्षांत मोमोआ फक्त पत्रकात उरेल.

म्हणून मित्र या नात्याने सरळ विचारतो. संशय म्हणून नाही. तू पिल्लं टोपलीत ठेवून, पाहुणे यायच्या आधी वाळूत पुरतोस का?

टोपलीचं काम तुला नवं नाही असं कोणी म्हणेल. मी म्हणत नाही.

उत्तर अंबोनला बोटीच्या दलालाकडे ठेव. सतराला मी तिथे आहे.

तुझा जुना मित्र,
जाफर


अंबोन बंदर,
१७ ऑक्टोबर १९९६

प्रिय मुहसिन,

तुझं उत्तर मिळालं. तीन ओळी. मी दलालाच्या कचेरीत उभ्या उभ्या वाचल्या आणि मग पाठीमागे काही लिहिलंय का म्हणून कागद उलटून बघितला. काही नव्हतं.

"पत्र मिळालं. बूट नळीवर टांगू नकोस, आत तांदूळ भरून उन्हात ठेव. पाहुण्यांना सांग, पोटभर खाऊन या आणि बसायची तयारी ठेवा."

मी विचारलं काय, तू सांगतोस काय! माणूस प्रश्नाचं उत्तर देत नाही तेव्हा त्याला उत्तर माहीत असतं. आणि हे "बसायची तयारी" म्हणजे काय? कोणाला बसवणार आहेस तू?

बाजारात गेलो होतो. आपली निमामावशी अजूनही जायफळाच्या दुकानांसमोर सुका मासा विकते, तुला माहीत असेलच. मी बोटीचं केशरी जाकीट घालून समोर उभा राहिलो. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"पपई घ्यायला आलास की स्वतःच पपई आहेस?"

"मावशी, मी जाफर. उमारचा."

"उमारचा जाफर बुडाला."

"बुडालो नाही, मावशी. मकास्सारला गेलो होतो."

"तेच ते. तुझी आई शेवटपर्यंत म्हणायची, तुरुंगात असेल पण बुडाला नसेल. आईला पोराची पारख असते." मग तिने मला एक मासा फुकट दिला, दुसऱ्याचे दुप्पट पैसे घेतले.

सहज म्हणून तुझी चौकशी केली. फक्त सहज. मावशी म्हणाली, "मुहसिन? त्याला वेड लागलंय. गेल्या महिन्यात माझ्याकडून टोपल्या मागून घेऊन गेला. माझ्याकडून चार, म्हाताऱ्या वा दुलाकडून सहा, शाळेतून किती कोण जाणे. विचारलं तर म्हणे, बोट येणार आहे."

मुहसिन, टोपल्या! मी पत्रात फक्त एक शब्द लिहिला होता, अंदाजाने. आणि तू गावभर टोपल्या गोळा करत फिरतोयस.

मावशी पुढे बोलतच होती. म्हणाली, तुला राखणदार करायचं की नाही यावरून पंच तीन वर्षं भांडत होते. अर्धे म्हणत, बापानंतर मुलगा. अर्धे म्हणत, ज्याने बंदी मोडून अंडी चोरली त्याच्या हाती किनारा द्यायचा का? मुलगी द्यायलाही कोणी तयार नव्हतं, म्हणून रामलाला पलीकडच्या बेटावरून आणावी लागली. "आणली ती चांगली निघाली, ते त्याचं नशीब," मावशी म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही दोघं तेव्हा एकत्रच असायचात ना रे?"

मी म्हटलं, मला बोटीवर परतायचंय.

ही माहिती मी पाक हेंद्रोंना दिली नाही. पण मनात टिपलीय. ज्याच्यावर एकदा आळ आला त्याच्याकडेच पुन्हा बोट जातं, आणि दरवेळी ते चुकीचं असतं असंही नाही. तेव्हाची तुझी टोपली मला अजून आठवते. तिची कड तांबडी होती. मला ती का आठवते हा प्रश्न वेगळा, आणि तो आत्ता नको.

परवा नाही, तेरवा येतो. मी डोळे उघडे ठेवून येणार आहे, हे आधीच सांगतो म्हणजे नंतर तक्रार नको.

जाफर


'पुत्री सागा',
२१ ऑक्टोबर १९९६

मुहसिन,

काल तुझ्याशी जे बोललो नाही ते आज लिहितोय. आधी कालचंच लिहितो, कारण तू त्यात होतास आणि तरी माझ्या बाजूने तू काहीच पाहिलं नाहीस.

सकाळी नऊला आम्ही रबरी नावांतून उतरलो. किनाऱ्यावर नारळाचे कोवळे झाप बांधून सासी लावलेली, म्हणजे राखणदाराने उघडेपर्यंत वाळूवर कोणाचंही पाऊल पडायचं नाही. झापांच्या अलीकडे तू उभा होतास. डोक्याला तुझ्या वडिलांसारखं काळं फडकं, हातात शंख. आणि तुझ्यामागे, ओळीने, उपड्या घातलेल्या बेचाळीस टोपल्या.

पाहुणे त्यांवर बसले. मी तीन रात्री त्या टोपल्यांची स्वप्नं पाहिली होती, आणि त्या बसायला होत्या.

पण संशय असा टोपलीभर पुराव्याने जात नाही. मी म्हटलं, ठीक आहे, टोपल्या बसायला. पिल्लं मग कुठे आहेत?

नऊ ते दहा, रामलावहिनींनी साबुदाण्याची गरम खीर आणि भाजलेला मासा दिला. दहा ते साडेदहा, इमामसाहेबांची प्रार्थना. साडेदहा ते बारा, तू भाषण केलंस. मुहसिन, तुला शाळेत स्वतःचं नाव सांगताना घाम फुटायचा! तू तेरा घराण्यांच्या पूर्वजांची नावं सांगितलीस, मग ते कुठून आले ते सांगितलंस, मग कुठल्या वाऱ्याने आले ते. मग मुलींचा नाच. मग तोच नाच पुन्हा, "लोकांच्या आग्रहावरून". आग्रह कोणीही केला नव्हता. पाक हेंद्रो घड्याळाकडे बघायचे, तू हसून मान हलवायचास, आणि दर अर्ध्या तासाने झापांच्या आड जाऊन परत यायचास.

तेव्हाच मी ठरवलं. आता हा पुरतोय.

दुपारी एकच्या सुमारास तू पुन्हा आत गेलास, तसा मी केवड्याच्या बनातून वळसा घालून मागे आलो. मी सासी मोडली नाही, झापांच्या बाहेरच होतो, हे सांगून ठेवतो. पानांतून पाहिलं. तू वाळूवर पालथा पडला होतास. दोन्ही हात पसरलेले, रिकामे. कान वाळूला लावलेला. शेजारी एक काठी रोवलेली, तिला गाठी मारलेली दोरी. तशाच काठ्या किनाराभर, प्रत्येकीला दोरी, कुठे साठ गाठी, कुठे सत्तर. जिथे जिथे मादीने अंडं पुरलं तिथे तू काठी रोवली होतीस आणि रोज एक गाठ मारली होतीस.

डोळे न उघडता तू म्हणालास, "केवड्याचे काटे लागतील. पुढे ये, झापाला हात लावू नकोस."

मी पुढे आलो. तेवीस दिवस मी एक प्रश्न घोकून ठेवला होता. निघाला तो भलताच.

"आज येईल का?"

"येईल. वीतभर राहिलंय. खरवडतंय, ऐकू येतं."

"आणि नाही आलं तर?"

"तर चौदावा पूर्वज." तू कान वाळूवरच ठेवून होतास. "मार्चातल्या पाहुण्यांना पावणेसहा तास बसवलं होतं. चौघं झोपले, दोघांचं भांडण झालं, एका म्हाताऱ्याने शेजारणीला लग्नाचं विचारलं. कंबर धरली बिचाऱ्यांची, म्हणून या वेळी टोपल्या."

"मग ते अहवालात लिहितात ते? किनारा उघडला आणि पिल्लू आलं?"

तू उठून बसलास, गालावरची वाळू झटकलीस. "खरंच लिहितात. पिल्लू त्याच्या वेळेला येतं. किनारा मी त्या वेळेला उघडतो. किनारा कधी उघडायचा ते राखणदाराच्या हातात असतं, ते विसरलास?"

मी विसरलो होतो. तीनपैकी तीन पिल्लं वेळेवर कशी आली याचा हिशेब मी तीन आठवडे करत होतो, आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की पिल्लांना कोणी हलवलंच नव्हतं. बेचाळीस माणसांना थांबवून ठेवलं होतं.

पावणेदोनला तू शंख फुंकलास. झाप सोडले. पाहुणे टोपल्या हातात घेऊन वाळूवर आले आणि काठीभोवती बसले. वाळूत करवंटीएवढा खड्डा पडला, मग त्यातून एक तपकिरी डोकं वर आलं, धापा टाकत. ते बाहेर पडलं, एकदा अंग झटकलं, धावलं आणि उडालं. जंगलात दिसेनासं झालं. आमच्या पाहुण्यांतली म्हातारी ओडीलबाई, जी सातव्या पूर्वजापासून झोपली होती, ती हळूच म्हणाली, "त्याला घ्यायला कोणीच आलं नाही?" मी तुला भाषांतर करून सांगितलं. तू म्हणालास, "कोणी येत नसतं. तरी जातं ते." आणि मी ते तिला भाषांतर करून सांगितलं नाही. माझ्याच्याने झालं नाही.

पाक हेंद्रोंना मी काल संध्याकाळी लिहून दिलं: सगळं खरं आहे, फक्त नाचाचा आग्रह खोटा आहे. पुढच्या पत्रकात "दुपारपर्यंत बसण्याची तयारी ठेवावी" असं छापा. ते हसले. हातुलेसी मार्गावर राहणार. त्याची काळजी सोड.

आता दुसरं.

१९७४ च्या एप्रिलात मला मकास्सारला जायला भाडं हवं होतं. मी तुझ्याकडून टोपली मागून घेतली, केनारीच्या झाडाखालच्या बिया गोळा करायला म्हणून. सासी लागलेली होती. पहाटे मी किनाऱ्यावरून एकतीस अंडी काढली. सत्तावीस एका नावाड्याला दिली, त्याने मला त्याबदल्यात होडीत घेतलं. चार उरली. पाठीमागून तुझ्या वडिलांचा खोकला ऐकू आला, तशी मी टोपली तुझ्या खांबांवरच्या घराखाली सारली आणि पळालो. तिथेच का? जवळ होतं म्हणून. बावीस वर्षं मी स्वतःला हेच सांगितलं, जवळ होतं म्हणून.

नावाड्याला भरती हवी होती, म्हणून होडी सकाळी उशिरा सुटली. तेवढ्यात मी सगळं पाहिलं. तू गळ्यात जाळं अडकवलेला, जाळ्यात ती चार अंडी, आणि तुझे वडील स्वतः पुढे घंटा वाजवत. राखणदारच होते ते, मुलासाठी वेगळा नियम कुठून आणणार? गावाच्या प्रत्येक वळणावर तू ओरडत होतास, जसं चोराने ओरडायचं असतं तसं: "अंडी मी घेतली. माझ्यासारखं करू नका." धक्क्यापाशी आलास तेव्हा तू एकदा समुद्राकडे पाहिलंस. मी होडीत खाली बसलो.

टोपली कोणाला दिली होती हे तुला माहीत होतं. एका शब्दाचं काम होतं. तू तो का बोलला नाहीस हे मी काल विचारणार होतो. मग वाटलं, उत्तर मिळालं तर त्याचं मी काय करू?

मी तुझ्यावर संशय घेतला, कारण मला तू चोर असायला हवा होतास. तू आता खरंच चोर निघाला असतास तर तेव्हाचं थोडं कमी झालं असतं. एवढं सरळ आहे ते. लिहायला तीन पत्रं लागली.

काल चार वाजता तू पाहुण्यांना पोचवायला धक्क्यावर गेलास, आणि सगळं गाव तुझ्यामागे गेलं. मी पाक हेंद्रोंना सांगितलं, शेवटच्या नावेने येतो. रामलावहिनींकडून जाळ्याचा तुकडा मागून घेतला. त्यांनी कशाला ते विचारलं नाही. मोमोआची अंडी अर्थातच नव्हती, सासी पुन्हा लागली होती. माझ्या डब्यात बोटीवरची दोन उकडलेली कोंबडीची अंडी होती. ती जाळ्यात घालून जाळं गळ्यात अडकवलं आणि मशिदीपासून निघालो. घंटा नव्हती. विहिरीवरून, शाळेमागून, लवंगा वाळत घातलेल्या अंगणांवरून.

पहिल्या वळणावर आवाजच फुटला नाही. दुसऱ्या वळणावर जेमतेम फुटला. तिसऱ्या वळणावर ओसरीत म्हातारा वा दुला बसलेला, जो गुडघ्यांमुळे धक्क्यावर गेला नव्हता.

"कोण रे तो? काय पुटपुटतोस?"

मी पुन्हा म्हटलं, अंडी मी घेतली, माझ्यासारखं करू नका.

"कसली अंडी?"

"चौऱ्याहत्तरची."

त्याने माझ्या गळ्यातलं जाळं निरखून पाहिलं. मग म्हणाला, "असं धरलं जात नाही. नाव घ्यायचं, बापाचं नाव घ्यायचं, आणि मोठ्याने. आणि पहिल्यापासून. मशिदीपासून."

मी मशिदीपाशी परत गेलो आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मोठ्याने. गावात कोणी नव्हतं. काही बकऱ्या होत्या, एक झोपलेलं मूल होतं ते रडायला लागलं, आणि तुमच्या मागच्या दारात रामलावहिनी उभ्या होत्या, हातात तशीच कढई. वा दुलाच्या ओसरीपाशी आलो तेव्हा त्याने मान हलवली. म्हणाला, "झालं." मी जाळं त्याच्याकडे ठेवलं. अंडी त्याने खाल्ली.

मग धक्क्यावर आलो. तू शेवटच्या नावेची दोरी धरून उभा होतास. म्हणालास, "उशीर केलास." मी म्हटलं, हो. तू दोरी सोडलीस.

तू ऐकलं असशील की नाही मला माहीत नाही. नसशील तर वा दुलाला विचार. तो साक्षीदार आहे.

ज्याने ती एकतीस अंडी घेतली तो,
हातुलेसीच्या उमारचा मुलगा
जाफर